आमदार-खासदारांचा हिशेब कुठे आणि कसा पाहायचा? वर्धा जिल्ह्यातील मतदारांसाठी माहिती

रमजानमध्ये इफ्तारची दावत होते. ईदच्या नमाजनंतर ईदगाहच्या दाराशी नेतेमंडळी मुबारकबाद द्यायला उभी असतात. चौकात फ्लेक्स लागतात. कोणी कब्रस्तानच्या भिंतीचा शब्द देतो, कोणी उर्दू शाळेच्या खोलीचा. या भेटीगाठींना महत्त्व आहे, कारण प्रतिनिधी डोळ्यांसमोर राहतो आणि बोलायला संधी मिळते. पण दोन वर्षांनी भिंत झाली नाही, तर त्या शब्दाचा पुरावा कोणाकडे असतो? बहुतेक वेळा कोणाकडेच नसतो.

लोकप्रतिनिधीचे काम मात्र कागदावर राहते. त्यांनी सभागृहात काय विचारले, मत कोणत्या बाजूने दिले, निधी कुठे सुचवला, स्वतःची मालमत्ता किती दाखवली, या सगळ्याची नोंद असते आणि ती कोणालाही पाहता येते. ती कुठे मिळते, कशी वाचायची आणि आपल्या मोहल्ल्याच्या कामासाठी तिचा उपयोग कसा करायचा, ते या लेखात एकत्र दिले आहे.

आपले प्रतिनिधी कोण?

वर्धा जिल्ह्यात आठ तालुके आणि विधानसभेचे चार मतदारसंघ आहेत: ४४ आर्वी, ४५ देवळी, ४६ हिंगणघाट आणि ४७ वर्धा. मतदारसंघाची हद्द आणि तालुक्याची हद्द प्रत्येक ठिकाणी एकच नसते. म्हणून अंदाजाने जाऊ नका, मतदार यादीत आपल्या नावासमोर कोणता मतदारसंघ आहे ते एकदा बघून घ्या.

२० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानात चारही जागा भाजपला मिळाल्या. आर्वीतून सुमित वानखेडे, देवळीतून राजेश बकाने, हिंगणघाटमधून समीर कुणावार आणि वर्ध्यातून डॉ. पंकज भोयर निवडून आले. कुणावार आणि डॉ. भोयर हे दोघे २०१४ पासून सलग तीनदा निवडून आलेले आहेत. १९९९ पासून सलग पाच वेळा आमदार झालेले काँग्रेसचे रणजित कांबळे या वेळी देवळीत हरले.

लोकसभेचा वर्धा मतदारसंघ जिल्ह्यापेक्षा मोठा आहे. वरच्या चार जागांशिवाय अमरावती जिल्ह्यातील धामणगाव रेल्वे आणि मोर्शी हे दोन विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. २०२४ मध्ये येथून राष्ट्रवादी काँग्रेस (शरदचंद्र पवार) पक्षाचे अमर काळे निवडून आले. त्याआधी २०१४ आणि २०१९ मध्ये भाजपचे रामदास तडस खासदार होते.

विधान परिषदेचे आमदार आपण बहुधा विसरतो. वर्धा जिल्हा नागपूर विभागात असल्यामुळे नागपूर विभाग शिक्षक मतदारसंघाचे सुधाकर अडबाले (२०२३ मध्ये निवडून आलेले) आणि पदवीधर मतदारसंघाचे अभिजित वंजारी (२०२० मध्ये निवडून आलेले) हेही आपले प्रतिनिधी ठरतात. उर्दू शाळांच्या शिक्षकांचा प्रश्न असेल, तर शिक्षक आमदारांकडे जाण्याचा रस्ता आपल्याला खुला आहे.

आपल्यासाठी हे जास्त गरजेचे का?

२०११ च्या जनगणनेनुसार वर्धा जिल्ह्यात मुस्लिम लोकसंख्या सुमारे ४ टक्के आहे. २०२४ च्या विधानसभेत २८८ पैकी १० मुस्लिम आमदार निवडून आले. त्यात विदर्भातून एकच, अकोला पश्चिमचे साजिद खान पठाण. लोकसभेत तर महाराष्ट्रातून एकही मुस्लिम खासदार गेला नाही.

म्हणजे वर्ध्यात आपली कामे ज्यांच्याकडून करून घ्यायची, ते आपल्या समाजाचे असतीलच असे नाही. आपण त्यांना मत दिले असेल किंवा नसेल. पण निवडून आल्यावर ते पूर्ण मतदारसंघाचे प्रतिनिधी असतात, आपलेही. संख्या कमी असते तिथे ओळखीवर आणि गर्दीवर फार काळ भागत नाही. तारीख, क्रमांक आणि सही असलेला कागद मात्र कोणत्याही पक्षाच्या राज्यात चालतो.

मोठ्या नावालाही मतदार हिशेब विचारतात, हे वर्ध्याने पूर्वी दाखवले आहे. वसंत साठे हे इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात माहिती व प्रसारण मंत्री होते. १९८२ मध्ये देशात रंगीत दूरदर्शन आले, ते त्यांच्याच काळात. १९८०, १९८४ आणि १९८९ अशा तीन निवडणुका त्यांनी वर्ध्यातून जिंकल्या. १९९१ मध्ये मात्र मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे रामचंद्र घंगारे यांनी त्यांना हरवले.

पहिली नोंद: उमेदवारीचे शपथपत्र

उमेदवाराला अर्जासोबत 'नमुना २६' मध्ये शपथपत्र द्यावे लागते. हा हक्क मतदाराला सहज मिळालेला नाही. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी निकाल दिला. त्यानंतर १३ मार्च २००३ च्या निकालाने तो पक्का झाला. उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे, असे न्यायालयाने मानले.

शपथपत्रात स्वतःची, जोडीदाराची आणि अवलंबितांची मालमत्ता, कर्ज, सरकारी थकबाकी, शिक्षण, मागील पाच वर्षांचे आयकरातील उत्पन्न आणि फौजदारी प्रकरणे असतात. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते मोफत पाहता येते.

वाचताना दोन गोष्टी सांभाळा. एक, 'प्रलंबित प्रकरण' आणि 'दोषसिद्धी' यांत मोठा फरक आहे. आंदोलनात दाखल झालेला गुन्हा आणि आर्थिक घोटाळ्याचा गुन्हा यांनाही एकाच मापाने मोजू नका, कलमे वाचा. दोन, मालमत्तेचा आकडा एकटा पाहू नका. २०१४, २०१९ आणि २०२४ अशी तीन शपथपत्रे शेजारी ठेवा. जमिनीचे भावच वाढल्यामुळे आकडा फुगला की नवी खरेदी झाली, हे तेव्हा कळते.

दुसरी नोंद: सभागृहातले काम

महाराष्ट्र विधानमंडळाची वर्षात साधारण तीन अधिवेशने होतात. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी अधिवेशन नागपुरात. आमदार तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा अशा मार्गांनी आपल्या भागाचा विषय मांडू शकतात. प्रश्नांच्या याद्या आणि कामकाजाची माहिती विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असते, आणि बरीचशी मराठीतच असते. त्यामुळे दहावी झालेले मूलही ती घरात वाचून दाखवू शकते.

प्रश्नोत्तराची भाषा ठरलेली असते. 'हे खरे आहे काय' असे विचारले जाते. उत्तरात 'हे खरे आहे', 'अंशतः खरे आहे', 'हे खरे नाही' किंवा 'प्रश्न उद्भवत नाही' असे येते. 'अंशतः खरे आहे' याच्या पुढचे वाक्य नीट वाचा, कारण खरी माहिती तिथेच असते. मंत्र्यांनी सभागृहात 'करू' असे आश्वासन दिले, तर त्याचा पाठपुरावा करण्यासाठी विधानमंडळाची आश्वासन समिती आहे. नागरिकांचा अर्ज सदस्यामार्फत नेण्यासाठी विनंती अर्ज समिती आहे.

प्रश्नांची नुसती संख्या मात्र फसवू शकते. एकाच प्रश्नाखाली अनेक आमदारांची नावे असतात, त्यामुळे नाव आहे म्हणजे विषय त्यांनीच मांडला असे होत नाही. आपल्या जिल्ह्याचे किती प्रश्न होते, आणि उत्तरानंतर काही हललं का, ते बघा.

मंत्र्यांचे माप वेगळे असते. डॉ. पंकज भोयर डिसेंबर २०२४ मध्ये राज्यमंत्री झाले. शालेय शिक्षण, गृह (ग्रामीण), गृहनिर्माण, सहकार, खनिकर्म अशी खाती त्यांच्याकडे आली. जानेवारी २०२५ मध्ये ते वर्ध्याचे पालकमंत्रीही झाले. मंत्री सभागृहात प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. म्हणून मंत्रिपदाच्या काळात त्यांच्या नावावर प्रश्न दिसले नाहीत, तर त्यावरून ते गप्प आहेत असा अर्थ काढणे चूक ठरेल. त्यांचे काम खात्याचे निर्णय आणि जिल्हा नियोजन समितीच्या बैठका यांवरून पाहावे लागते.

खासदारांसाठी संसदेचे संकेतस्थळ आहे. लोकसभेत एका दिवशी २० तारांकित प्रश्न तोंडी उत्तरासाठी असतात. कोणाचा प्रश्न यादीत येईल ते सोडतीने ठरते. बाकीच्यांना लेखी उत्तर मिळते. आणि लेखी उत्तराला कमी समजू नका. उच्च शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मौलाना आझाद नॅशनल फेलोशिप बंद होत असल्याचे कसे स्पष्ट झाले, आठवते का? ८ डिसेंबर २०२२ रोजी केरळचे खासदार टी. एन. प्रतापन यांच्या प्रश्नाला तेव्हाच्या अल्पसंख्याक कार्य मंत्री स्मृती इराणी यांनी लोकसभेत दिलेल्या लेखी उत्तरातून. एका खासदाराच्या प्रश्नामुळे देशभरातल्या पीएचडीच्या मुलांना नक्की काय ते समजले.

तिसरी नोंद: मतदान

आवाजी मतदानात कोणी 'होय' म्हटले आणि कोणी 'नाही', याची नावासह नोंद राहत नाही. विधानसभेत बरीच विधेयके अशीच मंजूर होतात. विभागणी मागितली गेली तरच मोजदाद होते. वक्फ (सुधारणा) विधेयकावर लोकसभेत २ एप्रिल २०२५ ला चर्चा सुरू झाली आणि मध्यरात्रीनंतर मतदान झाले. बाजूने २८८, विरोधात २३२ मते पडली. राज्यसभेत हे आकडे १२८ आणि ९५ होते. अशा विभागणीची यादी कामकाजाच्या नोंदीत राहते. व्हॉट्सॲपवर 'अमुक खासदार गैरहजर होते' असा मजकूर फिरला, तर पुढे पाठवण्याआधी ती यादी उघडा. चुकीचा आरोप करणे हे शोभणारे नाही, आणि चुकीचे श्रेय देणेही नाही.

चौथी नोंद: निधी

आमदार स्थानिक विकास निधी पूर्वी वर्षाला २ कोटी रुपये होता. टप्प्याटप्प्याने वाढत तो २०२२ पासून ५ कोटी झाला. खासदार निधीही वर्षाला ५ कोटी आहे. ही योजना १९९३ मध्ये सुरू झाली आणि २०११-१२ पासून रक्कम ५ कोटी झाली. कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून ती थांबवली होती, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली.

आता साधे गणित करू. विधानसभा मतदारसंघात अडीच ते तीन लाख मतदार धरले, तर ५ कोटी म्हणजे एका मतदारामागे वर्षाला १६६ ते २०० रुपये. वर्धा लोकसभेत १६ लाखांहून जास्त मतदार आहेत, म्हणजे खासदार निधी माणशी जेमतेम ३० रुपये. सहा विधानसभा मतदारसंघांत सारखा वाटला, तरी प्रत्येकाला सुमारे ८३ लाख. एवढ्या पैशात सगळ्या गावांची सगळी मागणी बसणार नाही. म्हणून कोणी भाषणात 'सगळं करून देतो' म्हटले, तर कोणत्या निधीतून, हे अदबीने विचारायला हरकत नाही.

आणखी एक गोष्ट. हा पैसा आमदार-खासदारांच्या खात्यात जमा होत नाही. ते कामाची शिफारस करतात. त्यानंतर जिल्हा प्रशासन अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता आणि कार्यारंभ आदेश या पायऱ्यांनी काम पुढे नेते. काम अडले असेल, तर कोणत्या पायरीवर अडले ते आधी शोधा. कधी शिफारसपत्र निघालेलेच नसते, कधी ते निघूनही फाईल जमिनीच्या वादात पडून असते. दोन्ही ठिकाणी दोष एकाचाच नसतो.

कब्रस्तानची भिंत: एक उदाहरण

ही मागणी जवळपास प्रत्येक गावात असते, म्हणून तिच्यावरूनच रीत समजून घेऊ.

आधी जमीन पाहा. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे? गावठाणाची की सरकारी जमीन, ट्रस्टची, की वक्फची? वक्फची असेल, तर महाराष्ट्र राज्य वक्फ मंडळाकडे नोंद आहे का? जमिनीचा कागद नसेल तर निधी मंजूर होऊनही परत जाऊ शकतो.

मग निधीचा रस्ता ठरवा. प्रार्थनास्थळाच्या बांधकामाला खासदार निधी चालत नाही, पण दफनभूमी आणि स्मशानभूमीच्या सार्वजनिक सोयींना त्यात जागा आहे. ग्रामपंचायतींसाठी जिल्हा नियोजन समितीमार्फत येणाऱ्या जनसुविधा अनुदानात दहनभूमी-दफनभूमीची कामे येतात. राज्याच्या अल्पसंख्याक विकास विभागाच्या क्षेत्रविकास योजनाही आहेत. म्हणजे आमदार निधी संपला, या एका उत्तरावर परत यायचे कारण नाही.

त्यानंतर अर्ज. एका अर्जात एकच काम लिहा. गट क्रमांक, अंदाजे लांबी, किती कुटुंबांना उपयोग, पूर्वीचा पत्रव्यवहार, ग्रामपंचायतीचा ठराव किंवा नगरपरिषदेला दिलेल्या अर्जाची प्रत आणि दोन-तीन फोटो जोडा. कार्यालयात दिल्यावर आवक क्रमांकासह पोच घ्या. आमदारांनी शिफारसपत्र दिले तर त्याची प्रत मागून घ्या. पोच नसलेला अर्ज आणि मंडपात दिलेला शब्द, दोन्ही सारखेच.

कोणते काम कोणाकडे?

नाली, दिवे आणि शहरातल्या गल्लीचा रस्ता हे आधी नगरसेवकाचे आणि नगरपरिषदेचे काम. जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेची खोली आणि शिक्षक हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाकडे सुरू होतो. शिक्षकांची पदे संचमान्यतेत ठरतात आणि तिथे पटसंख्या मोजली जाते. मुलांची नावे शाळेत नसतील, तर कोणताही आमदार पद आणून देऊ शकत नाही, हेही पालकांनी समजून घ्यायला पाहिजे.

राज्याची शिष्यवृत्ती, वसतिगृह, मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचे कर्ज हे विषय आमदारांकडे न्या. केंद्राच्या शिष्यवृत्त्या, रेल्वे, पासपोर्ट हे खासदारांकडे. पूर्वी पहिली ते दहावीच्या मुलांना मिळणारी केंद्राची प्री-मॅट्रिक शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून फक्त नववी-दहावीसाठी राहिली. हा केंद्राचा निर्णय आहे. त्यासाठी आमदारांना घेराव घालून उपयोग नाही, खासदारांना निवेदन देऊन संसदेत प्रश्न मांडायला सांगणे उपयोगाचे.

आणि संपर्क कार्यालयात जाताना संकोच कशाला? खासदारांना मतदारसंघ भत्ता आणि कार्यालयीन खर्च सरकारी तिजोरीतून मिळतो. तिथे कोणाला मध्ये घालायची गरज नाही. भगिनींनीही जावे, कारण रेशन, शाळा आणि पाण्याची अडचण घरात सर्वांत आधी त्यांनाच कळते.

उत्तरच आले नाही तर

माहितीचा अधिकार कायदा २००५ नुसार अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा. ३० दिवसांत माहिती मिळायला हवी. नाही मिळाली तर त्याच कार्यालयात ३० दिवसांत पहिले अपील, त्यानंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे दुसरे अपील.

'काम का झाले नाही?' असे विचारू नका, त्याला गोल उत्तर येते. कागद मागा: 'अमुक आर्थिक वर्षात अमुक मतदारसंघात आमदार निधीतून शिफारस झालेल्या, मंजूर झालेल्या आणि पूर्ण झालेल्या कामांची यादी व खर्च द्यावा.' ही यादी जिल्हा नियोजन कार्यालयाकडे मागता येते. ती हातात आली की कोणत्या गावाला काय मिळाले ते स्वच्छ दिसते. कधी आपल्याच मोहल्ल्यात झालेले काम आपल्याला माहीत नसते, तेही त्यात दिसते. चांगले काम झाले असेल तर शुक्रिया अदा करणे हेही आपलेच काम आहे.

मोहल्ल्याची एक फाईल

मस्जिद कमिटी, महिला बचत गट किंवा शाळेची पालक समिती, कोणीही एक जाड फाईल सुरू करू शकते. तिच्यात आपल्या आमदार-खासदारांचे शपथपत्र, दिलेल्या अर्जांच्या पोच, शिफारसपत्रे, प्रश्नोत्तरांच्या छापील प्रती आणि निधीच्या याद्या तारखेप्रमाणे लावा. कॉलेजच्या दोन मुलांवर ही जबाबदारी द्या. कमिटी बदलली, माणसे गावाबाहेर गेली, तरी फाईल जागेवर राहते.

हिवाळी अधिवेशन नागपूरला, वर्ध्यापासून रेल्वेने दीड तासाच्या आसपास. प्रश्नांच्या सूचना अधिवेशनाआधी बऱ्याच दिवस द्याव्या लागतात, म्हणून निवेदन दिवाळीच्या सुमारासच आमदारांच्या हातात पडायला हवे, अधिवेशन सुरू झाल्यावर नाही. सोबत प्रश्नाचा कच्चा मसुदाही द्या: गावाचे नाव, काम, पहिल्या अर्जाची तारीख आणि आजची स्थिती. एवढे तयार असेल तर तो प्रश्न घेणे त्यांनाही सोपे जाते. पुढे प्रश्नांची यादी निघाली की त्यात आपले गाव आले का, ते बघा आणि ती प्रत फाईलला लावा.